फरदडीत बसलेली मेंढरं

"वाडी गेली की बाई गेली," कडूबा म्हणाला आणि त्यानं बशीतला चहा फुर्रकन ओढला.

सांडूच्या हॉटेलात त्या दिवसांत दुधाआधी निवडणूक उकळायची. तांबुळदरा गाव तसं लहान. दौलताबादहून कन्नडकडे जाणारा रस्ता सोडून आत वळलं की दोन टेकड्यांच्या ओच्यात ठेवल्यासारखं दिसायचं. खाली गाव, वर टेकडीच्या खांद्यावर धनगरांची वाडी. गावाला वाडीचा धूर दिसे, वाडीला गावाची दिवाबत्ती. मधे एक चढ. एरवी पोरंसोरं धावत चढून जात, पण निवडणूक आली की तोच चढ डोंगराएवढा होई.

"कोणती बाई?" सांडूनं मुद्दाम विचारलं.

"आपली सरपंचीण, बानाबाई. दुसरी कोण? हे बघ, मागच्या खेपंला जागा बायांसाठी राखीव व्हती. गावातल्या तीन बाया उभ्या राह्यल्या, गाव तिघींत फाटलं, अन् वाडी एकगठ्ठा बानाबाईच्या मागं. आली निवडून. औंदा जागा खुली. समोर कारभारी पाटील. त्याच्या भावकीचं मोहोळ हाय गावात. तिसरा बद्रीनाथ. ऱ्हातो संभाजीनगरात सिडकोला, रविवारी गाडी घेऊन येतो अन् गुलमंडीवरनं आणलेली लुगडी वाटतो. तो पाटलाची चार मतं खाईल. पण तेवढ्यानं बाईला तारणार कोण? वाडी! अन् वाडी तर निघाली घाट उतरून."

"मतदानाला येतील की माघारी."

"कळप कोणाच्या भरवशावर टाकतील लेका, तुझ्या? घाटाखाली बिबट्या हाय. मेंढपाळ मेंढरं सोडून मत द्यायला येत नसतो."

कडूबाला गावातली म्हैस कधी विणार इथपासून तालुक्याला कोण आमदार होणार इथपर्यंत सगळं आधी ठाऊक असे. बहुतेकदा ते चुकतही असे. पण या वेळी त्याच्या बोलण्यात खोट नव्हती.

दिवाळी सरली, रानातली मका-बाजरी निघाली की वाडीतले कळप बाहेर पडत. दिवसा चरत चरत जायचं आणि रात्री कुणाच्या तरी रानात तळ टाकायचा. त्या रानाला लेंडीचं खत मिळे, मेंढपाळाला धान्य मिळे. याला म्हणायचं मेंढरं बसवणं. तांबुळदऱ्याची रानं गव्हा-हरभऱ्यानं हिरवी झाली की इथं मेंढराला तोंड घालायला जागा नसे. मग घाटाची वाट धरायची, ते पावसाच्या तोंडालाच परतायचं. औंदा मतदानासाठी वाडी थोडी रेंगाळली होती. पण चारा सरला. आणि नेमकं तेव्हाच घाटाखालच्या एका गावाहून बोलावणं आलं. लवकर या, रानं मोकळी हायत, धान्य दोन्ही हातांनी देऊ. ते गाव कारभारी पाटलाच्या बहिणीचं होतं.

वाडीत बानाबाई चुलीपुढं बसली होती. तिचा नवरा मुंजाबा दारात घोंगडीची घडी घालत होता.

"पाटलाच्या भयनीचं गाव हाय ते. कोणाचं डोकं चाललंय, कळतंय ना तुला?"

"कळतंय."

"मग सगळ्यांना थांब म्हणू?"

"थांबून मेंढरांना खायला काय घालता? मपली भाषणं?"

मुंजाबा हसला, पण हसणं ओठातच राहिलं. बानाबाईनं तव्यावरची भाकर उलथली.

"आवं, मेंढराला निवडणूक ठाव नाय, पोट ठाव हाय. मेंढ्या व्यालेल्या हायत, कोकरं कवळी हायत. मतापायी एक कोकरू जरी मेलं, तर त्या खुर्चीवर मी बसू कशी? जा तुमी."

"अन् पोरींच्या खोल्या?"

भाकरीचा पापुद्रा फुगून वर आला, बानाबाईनं तो बोटानं दाबला.

शाळेच्या मागं दोन खोल्या उभ्या राहत होत्या. कळप निघाले की वाडीतल्या पोरीही आईबापामागं निघत आणि शाळा अर्धी सुटे. पुढं ती पुरतीच सुटे. त्या पोरींना मागं राहता यावं, दोन वेळा जेवता यावं, म्हणून बानाबाईनं तालुक्याला खेटे घालून त्या खोल्या मंजूर करून आणल्या होत्या. भिंती उभ्या झाल्या होत्या, वर आभाळ होतं. नवा सरपंच आला की तिथं गोदाम होईल, असं लोक आत्ताच बोलायला लागले होते. बानाबाई स्वतः कळपामागं चालत वाढलेली. तिला अक्षर आलं ते लग्नानंतर, कोकराच्या पाठीवर गेरूनं खुणा करता करता. पुन्हा निवडून यायचं तिच्या मनात होतं ते या दोन खोल्यांसाठी. ती हे कुणाला सांगत नसे, पण गावात सगळ्यांना ते कळत होतं.

तिचा कारभारही मेंढपाळाचाच होता. ग्रामसभेत पुढच्या सतरंजीवरची माणसं हात वर करत, ती मात्र पार मागं भिंतीला टेकलेल्या माणसाला विचारी, "तुमचं काय म्हणणं हाय, मामा?" कुणी हसलं तर म्हणे, "कळपात पुढचं मेंढरू आपसूक पोचतं. मागं राह्यलेलं आधी बघावं लागतं."

*

खाली गावाच्या शिवेला कारभारी पाटलाचं कापसाचं रान होतं. पाटलाची बायको साळूबाई आणि तिची चुलतजाऊ द्वारकाबाई तिथं ओळीनं बोंडं पाहत चालल्या होत्या. मोठ्या वेचण्या झाल्या होत्या. त्यांचा कापूस गाडीत भरून बाजारात गेला होता आणि त्याचा हिशेब पुरुषांच्या खिशात होता. आता झाडावर राहिली होती ती फरदड. शेवटची, उशिरा फुटणारी, थोडकी वेचणी. ही या गावात बाईची असे. पुरुष तिच्याकडं बघत नसत. लेकीच्या बांगड्या, माहेरच्या वाटंचं तिकीट, आपल्या पसंतीचं एखादं लुगडं यातून निघे. साळूबाई वर्षभर या चार बोंडांकडं डोळे लावून असे.

लांबून कर्ण्याचा आवाज येत होता. कारभारीची गाडी गावातून फिरत होती. "कपबशी, कपबशी, कपबशी!"

"तुह्या घरची कपबशी ओरडतीया बघ," द्वारकाबाई म्हणाली.

"ओरडू दे. घरात मला साधा चहा विचारत नाहीत, अन् गावाला कपबशी दाखवत्यात."

दोघी हसल्या. द्वारकाबाईला ओवीचं वेड होतं. काम करता करता तिच्या तोंडून ओवी अशी निघे, जशी बोंडातून सरकी निघावी. ती गाऊ लागली.

वरून झडीचं पाणी, खाली सरण कोरडं,
बानाबाई माझी माय, तिचं घर गं उघडं.

साळूबाईचा हात बोंडावरच थांबला.

"कामून आठवण काढलीस?"

"मी कुठं काढली? ओवीनं काढली."

गोष्ट जुनी झाली होती, पण विसरण्यासारखी नव्हती. बानाबाई नुकती सरपंच झाली होती, त्या श्रावणातली. साळूबाईची सासू, कारभारीची आई दगडाबाई, गेली. सकाळपासून झड लागलेली. स्मशानात तेव्हा छप्पर नव्हतं. लाकडं भिजलेली, गोवऱ्या भिजलेल्या. रॉकेल ओतलं तरी सरण धुमसे आणि विझे. कारभारी हातात टेंभा घेऊन उभा, आणि त्याच्या तोंडावरून पाणी वाहतंय की डोळ्यांतून, हे कुणाला कळेना. तेवढ्यात वाडीच्या चढावरून माणसं उतरताना दिसली. मुंजाबा आणि त्याचे भाऊ. डोक्यावर पत्रे. मागं बानाबाई, तिच्या खांद्यावर वासे. त्यांनी सरणाच्या चारी बाजूंना वासे रोवले आणि वर पत्रे धरले. धरूनच उभे राहिले, आच लागत होती तरी. सरण पेटलं. दगडाबाई नीट गेली.

पत्रे बानाबाईच्या घरावरचे होते. त्या दिवशी तिच्या घरातलं धान्य भिजलं, अंथरूण भिजलं. तिनं ते कधी बोलून दाखवलं नाही. पहिल्या ग्रामसभेत तिनं पहिला ठराव मांडला तो स्मशानातल्या शेडचा. कारभारी त्या सभेला गेला नव्हता. तो तिच्यासमोर जायचंच टाळे. एवढ्या मोठ्या उपकाराला काय शब्द द्यायचा हे त्याला सुचलं नाही. न सुचता महिने गेले, मग वर्षं गेली, आणि पुढं तर तोंड दाखवणंच अवघड झालं.

"तिनं आपल्यासाठी घरावरलं छप्पर काढलं," साळूबाई म्हणाली, "अन् आपण तिचं घर घाटाखाली घालवायला निघालो."

"मग मत दे तिला. मशिनीत कोण बघतंय?"

"ते तर देणारच हाय. पण मपल्या एकीच्या मतानं काय व्हतंय? वाडी चालली. परवा सकाळी निघणार म्हणत्यात."

बोलता बोलता तिनं सगळं रान नजरेखालून घातलं. कापसाच्या पऱ्हाटीवर हिरवा पाला होता, फुटायची बोंडं होती, बांधाला गवत होतं. ती बराच वेळ बघत राहिली. मग ओच्यातला कापूस तिनं पाटीत झटकला आणि म्हणाली, "आज एवढंच वेचू."

"उद्या?"

"उद्याचं उद्या."

*

कळप निघायच्या आदल्या दिवशी कारभारीनं मोठ्या मनाचा विचार केला. वाडीतली म्हातारी माणसं मागं राहणार होती, त्यांची मतं होती. तो साळूबाईला म्हणाला, "उद्या मेंढरं आपल्याच रानावरून जातील. तू शिवेवर जा अन् त्यांना भाकरी दे वाटंला. पाटलाच्या घरची भाकर म्हणल्यावर नाव व्हतंय."

साळूबाई पदर सावरत म्हणाली, "व्हय, देते की."

पाटील राजकारणात इतका बुडाला होता की गावाची एक रीत त्याच्या ध्यानातून गेली. निघालेल्या कळपाच्या म्होरक्या मेंढ्याला घरच्या बाईनं हळद लावली आणि भाकर चारली, तर त्या कळपानं तिच्या रानात बसल्याशिवाय शीव ओलांडायची नाही. मेंढपाळानं नाही म्हणायचं नाही, आणि घरच्या पुरुषानं हुसकायचं नाही. रझाकारांच्या धामधुमीतही ही रीत मोडली नव्हती, असं म्हातारी माणसं सांगत. अलीकडं कुणी हळद लावत नसे, कारण मेंढरं बसवायची रानं आधीच ठरलेली असत. पण रीत मोडलेली नव्हती. नुसती निजली होती.

सकाळी धुकं पांगायच्या आत कळप उतरला. पुढं घुंगराचा मेंढा, मागं मेंढरांचा लोट, घोड्यावर लादलेलं बिऱ्हाड, झोळीत डोकावणारी कोकरं. वाडीतल्या सगळ्यांचेच कळप एकामागं एक. बानाबाई शिवेपर्यंत पोचवायला आली होती. ती नेहमीसारखी सगळ्यांच्या मागं चालत होती, एका लंगड्या मेंढीसोबत.

साळूबाई बांधावर उभी होती. हातात टोपली. मेंढा जवळ आला तशी ती खाली बसली. टोपलीतून भाकर काढली आणि मग दुसऱ्या हातानं हळदीची वाटी.

मुंजाबा जागीच थबकला. "वैनी, हे काय करता?"

"दिसत नाय का?" तिनं मेंढ्याच्या कपाळावर हळदीचं बोट ओढलं. मेंढ्यानं भाकरीचा घास घेतला. "मपल्या रानात बसा."

"पण रानात कापूस हाय तुमचा."

"फरदड हाय. मपली हाय. खाऊ द्या त्यांना."

मुंजाबानं मागं पाहिलं. बानाबाई पुढं आली होती. तिच्या लक्षात सगळं आलं आणि तिचा चेहरा लाल झाला.

"साळूबाई, असं करू नको. मी कोणाला थांबा म्हणले नाय. मतासाठी मी मेंढरं अडवली असं उद्या गाव म्हणंल."

"तू कुठं अडवली? मी अडवली. धनगरानं नाय म्हणायचं नसतं, रीत हाय."

"तू कामून केलंस पण? मी मागितलं व्हतं?"

साळूबाई उठून उभी राहिली. "तू पत्रे काढले तवा मी मागितलं व्हतं?"

पाच वर्षं बानाबाईनं गावाला हातानं दिलं होतं, पण कुणाकडून घ्यायचं तिला येत नव्हतं. तिनं नुसतं लंगड्या मेंढीच्या मानेवर हात ठेवला. मेंढरं पऱ्हाटीत शिरली होती. पाला कुरतडल्याचा, बोंडं चावल्याचा आवाज रानभर भरला, जसा बारीक पाऊस पानांवर पडावा.

*

"हे काय केलंस तू?" कारभारी दुपारी घरात शिरला तो ओरडतच.

"काय केलं? भाकर दिली. तुमीच म्हणले."

"हळद मी सांगितली व्हती?"

"पावण्याला कोरडी भाकर देऊ? पाटलाचं घर हाय."

"अगं, कळप थांबला म्हणजे वाडी थांबली! वाडी थांबली म्हणजे मी…"

"म्हणजे तुमी काय? निवडून या की. तुमच्यात दम असंल तर वाडीसमोर उभं राहून या. वाडीला घाटाखाली घालवून निवडून येणं, हे काय पाटलाचं येणं झालं?"

कारभारी खाटेवर बसला. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "लोकं हसतील मला."

"हसू द्या. रान खतावतंय तेवढं."

त्यानं टोपी पुन्हा डोक्यावर घातली. मग हळू आवाजात म्हणाला, "फरदड गेली ना तुझी?"

"मपली व्हती. गेली."

लोक हसलेच. सांडूच्या हॉटेलात कडूबानं नवं गणित मांडलं. "पाटलाच्या रानात खत अन् पाटलाच्याच उरावर मत!" पण एका रानावर एवढी मेंढरं किती दिवस तगणार? तिसऱ्या दिवशी पऱ्हाटीच्या काड्या राहिल्या. कळप हलायला लागला, तेव्हा पुढच्या बांधावर द्वारकाबाई उभी होती. एका हातात हळद, दुसऱ्यात भाकर, आणि तोंडात ओवी.

पांढऱ्या बोंडांनी सये भरली माझी ओटी,
म्होरक्या मेंढ्यासाठी देते त्यातल्या दोन मुठी.

मग तिसरीच्या रानात, मग चौथीच्या. ज्या बाया स्मशानाच्या शेडखाली आपल्या माणसाला कोरड्यात निरोप देऊन आल्या होत्या, त्या आल्या. ज्यांचं म्हणणं ग्रामसभेत भिंतीला टेकून राहिलं असतं आणि बानाबाईनं बोलतं केलं होतं, त्या आल्या. प्रत्येकीनं आपली फरदड दिली. नवऱ्यांना कळे तेव्हा हळद लागलेली असे. काही नवरे रागावले. काहींनी मनातल्या मनात खताचा हिशेब केला आणि गप्प बसले. सगळ्यांत शेवटी बद्रीनाथची आई, आक्काबाई आली. ती गावातच राहत असे. तिनं नेसलं होतं ते लेकानं वाटायला आणलेल्या लुगड्यांतलंच एक होतं.

"आक्का, लेक काय म्हणंल?" साळूबाईनं विचारलं.

"काय म्हणंल? लुगडं वाटायचं हाय म्हणला. मी वाटलं. मलाच वाटलं," आक्काबाई म्हणाली. "आता मेंढरं बसवायचीत तर नवं लुगडं नको का?"

रविवारी बद्रीनाथ गाडीतून उतरला तो थेट कारभारीकडं गेला. त्यानं तक्रारीचा कागद तयार करून आणला होता. मेंढरं अडवून मतदार ताब्यात ठेवले, असा मजकूर.

"पाटील, तुमची सही टाका. दोघांची असली म्हणजे वजन पडतं. बाईची उमेदवारीच उडते का बघू."

कारभारीनं कागद हातात घेतला, न वाचता परत दिला.

"मेंढरं पहिल्यांदा माझ्या रानात बसली. सही करून काय सांगू साहेबाला? माझ्या बायकोनं हळद लावली म्हणून?"

"पाटील, तुम्ही हराल."

"हरंन. पण रीतीला गुन्हा म्हणून हरणार नाय." मग तो म्हणाला, "अन् बद्री, तुझ्या रानात काल रात्री कोण बसलं व्हतं, ते आधी आक्काला विचार."

*

मतदानाचा दिवस उजाडला तेव्हा कळप गावाच्या पूर्वेला आक्काबाईच्या रानात होते. मेंढपाळांनी ठरवलं होतं की निम्म्यांनी मेंढरं राखायची, निम्म्यांनी मत द्यायचं, मग अदलाबदल. पण द्वारकाबाई, साळूबाई आणि त्यांच्यामागं पाच-पंचवीस बाया सकाळीच रानात हजर झाल्या. हातात काठ्या, कमरेला पदर खोचलेला.

"तुमी सगळे जा. आमी राखतो."

"वैनी, मेंढरं ऐकत नाहीत परक्याचं," मुंजाबा म्हणाला.

"नवरे तरी कुठं ऐकतात? आमाला सवय हाय."

वाडी शाळेकडं चालली, आणि इकडं मेंढरांनी गावच्या बायांची परीक्षा घेतली. एक मेंढा द्वारकाबाईच्या मागं लागला, ती किंचाळत बांधावर चढली. कोकरं हरभऱ्याच्या रानाकडं धावली, त्यांच्यामागं पन्नाशीच्या बाया धावल्या. बानाबाईची निशाणी शिट्टी होती. आक्काबाईनं प्रचारात मिळालेली प्लास्टिकची शिट्टी जोरात फुंकली. मेंढरांनी माना वर करून तिच्याकडं पाहिलं आणि पुन्हा चरायला लागली. बाया हसून हसून लोळल्या. वाडी मत देऊन परतली तेव्हा कळप रानाबाहेर बराच सांडलेला होता, पण एकही मेंढरू हरवलं नव्हतं. मग बाया उठल्या, केस सारखे केले आणि ओळीनं मत द्यायला गेल्या.

बानाबाई शाळेच्या कोपऱ्यावर उभी होती. नियमाप्रमाणं लांब. तिनं बायांच्या लुगड्यांना चिकटलेली लोकर पाहिली, पदराला अडकलेल्या पऱ्हाटीच्या काड्या पाहिल्या. तिनं कुणाला मत मागितलं नाही. प्रत्येकीला नुसते हात जोडले. जोडलेले हात खाली घ्यायचं तिच्या ध्यानातच राहिलं नाही.

*

मोजणी कन्नडला होती. बानाबाई गेली नाही. त्याच दिवशी कळप खरंच निघणार होते, आता रानं सगळीच संपली होती. मोजणीची बातमी आली तेव्हा ती मुंजाबाच्या घोड्यावर बिऱ्हाड बांधत होती. सांडू चढावरून हात हलवत, धापा टाकत वर आला.

"आली! बाई, तू आली! थोडक्यात आली, पण आली. पाटील दुसरा, बद्रीनाथ तिसरा."

"मी तर आधीच सांगितलं व्हतं," मागून कडूबा आला. "वाडी राह्यली की बाई राह्यली."

वाडीनं हलगी काढली. मुंजाबानं भंडारा उधळला, घोड्याची आयाळ पिवळी झाली. बानाबाई हसली, सगळ्यांच्या पाया पडली. मग बिऱ्हाडाची दोरी पुन्हा आवळायला लागली. कारण घोडा निघायचा होता आणि ती मागं राहायची होती. निवडून येणं म्हणजे आणखी पाच हिवाळे मुंजाबाशिवाय. हे तिनं आधीच मोजलेलं होतं. तरी दोरीची गाठ बसेना.

"दे इकडं," मुंजाबा म्हणाला. त्यानं गाठ मारली. "पोरींना सांभाळ. खोल्यांवर पत्रे पडेपर्यंत सगळ्या आपल्याच घरात झोपव. पावसाच्या आधी येतो."

"बिबट्याचं बघा."

"व्हय."

कळप दुपारच्या उन्हात धूळ उडवत शिवेपार गेले. बानाबाई घुंगराचा आवाज कानाआड होईपर्यंत उभी होती. ती वळली तेव्हा मागं साळूबाई उभी.

"चल. आज जेवायला आमच्याकडं."

"आज नको गं. पाटील हरलेत आज. त्यांच्या ताटापुढं मी कशी बसू?"

"त्यांनीच पाठवलं."

बानाबाईनं तिच्याकडं पाहिलं. साळूबाई खोटं बोलत नव्हती.

पाटलाच्या ओसरीवर भावकीतली दोन-चार माणसं हरलेल्या निवडणुकीची चीरफाड करत बसली होती. बानाबाई आली तशी ती उठली. कारभारी उठला नाही, पण त्यानं बाजूची घोंगडी सरळ केली. "बसा, सरपंचबाई."

साळूबाईनं ताटं मांडली. गरम बाजरीची भाकर, पिठलं, कांदा. पाटलाच्या घरात पुरुष वाढत नसत. कारभारी उठला, चुलीजवळून तेलाची वाटी घेऊन आला आणि बानाबाईच्या पिठल्यावर स्वतःच्या हातानं तेल सोडलं. भावकीतली माणसं बघत राहिली. वाटी हातात धरून तो तिथंच उभा राहिला.

"बाई," तो म्हणाला. "त्या दिशी आईच्या वेळंला… मला बोलायला जमलं नाय. इतकी वर्षं…"

बानाबाईनं मान वर केली. तिच्याही डोळ्यांत पाणी होतं, पण तिनं ते पडू दिलं नाही.

"बसा, पाटील," ती म्हणाली. "पिठलं निवतंय. जेवून घ्या, मग पोरींच्या खोल्या बघायला जायचंय आपल्याला. वाळू तुमच्या ओळखीनं लवकर येईल."

कारभारी वाटी ठेवून बसला. साळूबाईनं त्याच्या ताटात भाकर वाढली.